तोंड दाखवून येणं

कोळवण, मुठा, ताम्हिणी, भांबर्डे अशा लांबलांबच्या गावांतून कामं आटोपून पौडपर्यंत आलेल्या माझ्या माणसांनो,

ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, ते गुरुजी मला चौथीला शिकवायला होते. दसरा झाला की शाळेच्या पहिल्या दिवशी ते वर्गाला विचारायचे, "यंदा गडावर कोण कोण जाऊन आलं?" दहा-बारा हात वर व्हायचे. मग पुढचा प्रश्न, "वाटेत काय काय दिसलं?" देवीचं दर्शन कसं झालं, गर्दी किती होती, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते वाटेबद्दल विचारायचे. टाक्यात पाणी किती आहे? कारवी फुलली का? वरून कुठला डोंगर दिसला? तेव्हा मला वाटायचं, गुरुजी भूगोल घेताहेत. ते काय घेत होते हे कळायला मला पुढची चाळीस वर्षं लागली. आज जे बोलणार आहे ते त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशिरा देतो आहे, पण त्यांच्याच नावाच्या व्यासपीठावरून देतो आहे.

विषय आहे डोंगरावरची तीर्थयात्रा. तुमच्यातल्या पुष्कळांना वाटलं असेल, हे आता केदारनाथचं सांगणार. केदारनाथला मी जाऊन आलो आहे आणि त्याकडे येणारही आहे. पण सुरुवात करणार आहे ती आपल्याच तालुक्यातल्या कोराईगडापासून. उंची किती? समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० फूट. हिमालयाच्या मानानं पायरीसुद्धा नाही. पण यात्रेची उंची फुटांत मोजायची का, हाच तर आजचा प्रश्न आहे.

मी पहिल्यांदा कोराईगड चढलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो. नवरात्र होतं. बरोबर माझी आत्या. पेठ शहापूरच्या बाजूनं निघालो. पाऊस नुकता संपलेला, गवत माझ्या डोक्याच्या वर, वाटेवर खडकातल्या गुहा, त्यांच्या आत काळोखात साठलेलं थंड पाणी. दरवाजातून वर आलो आणि एकदम मोकळं पठार. दोन मोठी तळी. तळ्यांत ढग. आणि कडेनं अजून जवळजवळ अखंड उभी असलेली तटबंदी, तिच्यावर वारा एवढा की आत्यानं माझा दंड धरून ठेवला होता.

देवळात शिरताना मला वाटलं, आता आत्या काहीतरी मागणार. आमच्या घरी तेव्हा मागण्यासारखं पुष्कळ होतं. पण तिनं खण-नारळ ठेवला, हात जोडले आणि ती देवीला बातम्या सांगायला लागली. थोरल्याला यंदा ताप येऊन गेला, आता बरा आहे. म्हैस व्यायली, रेडकू जगलं नाही. आंबेमोहर बरा आहे, खालच्या खाचरात जरा करपा पडलाय. धाकटीचं मागच्या महिन्यात ठरलं, मुलगा नाणे मावळातला आहे. असं सगळं. शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं आणि म्हणाली, "हा आमच्या दादाचा. पहिल्यांदाच आलाय. तोंड दाखवायला आणलाय."

तोंड दाखवायला! मंडळी, हा शब्द नीट ऐका. आपल्याकडे तो रोज वापरतात म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. माहेरी आलेल्या लेकीला शेजारची म्हातारी म्हणते, "जाण्याआधी तोंड दाखवून जा." आजाऱ्याकडे आपण तोंड दाखवायला जातो. कुणाकडे? जो वाट बघत बसलेला आहे त्याच्याकडे. ज्याला उठून आपल्याकडे येता येत नाही, पण आपला जीव कुठे आहे, कसा आहे याची ज्याला काळजी आहे, त्याच्याकडे. आणि "दर्शन घेणं" म्हणजे काय? दर्शन घेणं म्हणजे मी पाहणार, देव दिसणार. माझा डोळा, माझी ओढ, माझं पुण्य. तोंड दाखवण्यात सगळं उलटं आहे. पाहणारी ती. दिसायचं मला.

मला आज एवढंच म्हणायचं आहे की आपल्या डोंगरावरच्या देवी पाहण्यासाठी बसवलेल्या आहेत, दिसण्यासाठी नव्हे. आणि हे एकदा ध्यानात घेतलं की वाट, चढ, धाप, राई, पाणी, आता होऊ घातलेले रस्ते आणि रोपवे या सगळ्यांकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं.

आता पहिला प्रश्न. ती वर का गेली?

नावं घ्या. कोराईगडावर कोराई. घनगडाला एकोल्याकडून चढताना वाटेत गारजाई. तैलबैलाजवळ घाट उतरतो तिथे वाघजाई. समोर सुधागडावर भोराई. तुंगावर तुंगाई. तोरण्यावर मेंगाई. रायगडावर शिरकाई. ताम्हिणीला विंझाई. आई, आई, आई. डोंगराच्या सोंडेवर, घाटाच्या तोंडाशी, गडाच्या माथ्यावर, एकेक आई. हा योगायोग आहे का? या जागा नकाशावर टिंबांनी मांडा आणि टिंबं जोडा. काय उमटतं? कोकणातून देशावर येणाऱ्या जुन्या वाटा उमटतात.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. गणितातला हा एवढा मोठा माणूस हातात काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या, लेणी, शेंदूर फासलेले दगड बघत हिंडला. त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. मातृदेवतांची पुष्कळ जुनी ठाणी गावात नाहीत, गावाबाहेर आहेत. जिथे वाटा एकमेकींना छेदतात तिथे आहेत. बंदरांकडून घाटमाथ्यावर येणारा व्यापार, त्या वाटांवरची बौद्ध लेणी आणि या आया, यांचा शेजार त्यांनी दाखवून दिला. कार्ल्याला बघा. चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरा. वाघजाईच्या घाटानं खाली उतरा, ठाणाळ्याची लेणी लागतात. माणसं बदलली, धर्म बदलले, राज्यं बदलली. वाट तीच राहिली आणि वाटेवरची आई तीच राहिली.

या वाटांनी काय यायचं? मीठ यायचं, सुकी मासळी यायची. इकडून तांदूळ जायचा, हिरडा जायचा. डोक्यावर ओझं, पायाखाली ओला कातळ, बाजूला दरी, आणि वाघ ही तेव्हा गोष्टीतली वस्तू नव्हती. अशा घाटाच्या माथ्यावर पोचलेला माणूस पहिलं काय करणार? ओझं टेकवणार, श्वास घेणार आणि मागे वळून बघणार. त्याच जागी वाघजाई आहे. वाटसरू तिच्यापुढे फूल ठेवायचा. फूल नसलं तर पान, आणि पानही नसलं तर वाटेतला दगड. दगड ठेवण्याचा अर्थ काय? मी इथवर आलो, हे तू पाहिलंस. पुढचंही पाहा.

मग गड आले. शिवाजी महाराजांनी १६५७ साली लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्याबरोबर कोराईगडही स्वराज्यात आणला. गडाचं काम काय? पाहणं. खाली कोकण, इकडे मावळ, मधल्या वाटा, कोण येतं, किती येतात. तटावरचा पहारेकरी आणि देवळातली कोराई या दोघांचं काम एकच होतं. पहारेकऱ्याची पाळी संपायची, आईची संपत नव्हती.

आणि एके दिवशी तिच्या डोळ्यांदेखत गड पडला. मार्च १८१८. इंग्रजांचा कर्नल प्रॉथर तोफा घेऊन आला. ११ तारखेला वेढा पडला. गडावरची माणसं तीन दिवस लढली. १४ तारखेला एक गोळा दारूकोठारावर येऊन पडला आणि सगळं संपलं. असं सांगतात की देवीचे दागिने तेव्हा मुंबईला नेले आणि मुंबादेवीला दिले. आत्या हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात राग नसायचा. ती म्हणायची, "बहिणीकडे गेलेत." नुसत्या दोन शब्दांत तिनं एका पराभवाला घर मिळवून दिलं होतं. इतिहासाच्या पुस्तकाला हे जमत नाही.

कोराई राखण करायला वर गेली, हे समजतं. पण एखादी आई रागावूनही वर जाते. कळसूबाईची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, अकोले तालुक्यात. कळसू ही कोळ्याची मुलगी. रानात हिंडायची आवड. पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बाकी सांगाल ते काम करीन. घरच्यांनी मान्य केलं. काही दिवस बरे गेले. मग एकदा घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला सांगितलं, केर काढायला सांगितलं. तिनं भांडण केलं नाही. भांडी घासली, केर काढला, आणि डोंगर चढून गेली. परत खाली आली नाही. जिथे तिनं भांडी घासली ती जागा थाळे मेळ म्हणून आजही दाखवतात.

मी ही गोष्ट अनेकदा ऐकली होती. पण माझी मुलगी नोकरीला लागली त्या वर्षी ती मला पहिल्यांदा कळली. शब्द मोडला म्हणून घर सोडून गेलेली एक कष्टकरी पोर, आणि नवरात्रात तिच्या माथ्यावर शिड्या चढून जाणारे हजारो लोक! आपण तिथे कशाला जातो? तिची अट मोडली होती, ती आता आम्ही पाळतो, हे सांगायला जातो. डोंगरावरच्या देवीची अट असते, मंडळी. हे वाक्य लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

दुसरा प्रश्न. ती वर बसून काय राखते?

शत्रू गेले, जकातीचे नाके गेले, मिठाचे बैल गेले. राखण मात्र चालू आहे. पाणी राखलं जातं आहे.

आपल्या ताम्हिणीचा पाऊस आता देशभर माहीत झाला आहे. जुलै २०२४ मध्ये तिथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. देशावरच्या कित्येक गावांना वर्षभरात एवढा मिळत नाही, तो आपल्याकडे एका दिवसात पडला. आणि त्याच खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन कुठवर जातात, हे या सभागृहातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. असं का होतं? खाली काळा कातळ आहे. वर माती वीतभर. पाऊस पडतो, कातळावरून घसरतो, दोन तासांत ओढ्याला लागतो आणि गेला. थांबवायला कुणी नसेल तर थांबत नाही.

थांबवतं कोण? राई. विंझाईच्या राईत कधी भर पावसात उभे राहिला आहात? बाहेर सरींचा मारा असतो आणि आत पाणी पानापानावरून, फांद्यांवरून, गारंबीच्या दोरखंडासारख्या वेलींवरून खाली झिरपत येतं. पायाखाली पिढ्यान्‌पिढ्यांचा पाचोळा. कुणी उचललेला नाही, कुणी जाळलेला नाही, कारण देवीच्या राईतली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, ही शपथ आहे. तो पाचोळा कुजून गादीसारखा झालेला असतो. गादी पाणी पिते, जमिनीला देते, जमीन कातळाच्या भेगांना देते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठेतरी खाली झऱ्याला ते पाणी येतं. गावाला वाटतं देवीनं दिलं. चुकीचं वाटतं का? मला तरी चुकीचं वाटत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या, नोंदवल्या. त्या कामातली श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकीकत मला फार मोलाची वाटते. तिथल्या काळकाईच्या राईवर तोडीची खूण पडली होती. गावकऱ्यांनी या शास्त्रज्ञांकडे धाव घेतली. ही राई वाचवा, कारण आमच्या ओढ्याचं पाणी तिच्यामुळे टिकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. देवी कोपेल असं पुढे करण्याऐवजी त्यांनी पाणी जाईल असं सांगितलं. जंगलतोड म्हणजे काय, हे ज्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं त्यांना राईतून कळलं होतं. शेकडो वर्षं जी गोष्ट कुळधर्म म्हणून पाळली, तिचं कारण त्यांना विचारल्याबरोबर सांगता आलं.

विंझाईच्या भोवतीचा आपला हा सगळा डोंगरपट्टा २०१३ साली ताम्हिणी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. चांगलं झालं. शेकरू तिथे आहे, आपल्या राज्याचा प्राणी. पण त्याच्या आधी कित्येक पिढ्या, कसलाही कागद नसताना, कुणाही पहारेकऱ्याला पगार नसताना, ती राई उभी राहिली ती एका नजरेच्या धाकानं. आई बघते आहे! एवढंच.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगताना आजही घसा दाटतो.

कोराईगडाच्या तटावरून स्वच्छ दिवशी मुळशीचा जलाशय दिसतो. येणारी मुलं त्याचे फोटो काढतात. सुंदर दिसतो, खोटं कशाला बोला. पण त्या पाण्याखाली गावं आहेत. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं, मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. जान किंवा जमीन, ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे होते. पांडुरंग महादेव बापट होते. याच लढ्यानं त्यांना सेनापती केलं. बायका होत्या, पोरं होती, चाबूक होते, तुरुंग होते. तीन वर्षं लढा चालला आणि मोडला. पाणी चढलं.

माझ्या आईचं माहेर त्या पाण्याच्या कडेचं. तिची आजी सांगायची, घराची लाकडं नेली, जातं नेलं, पाळणा नेला. मग राहिली शेताच्या बांधावरची आई. तिला मूर्ती नव्हती, एक तांदळा होता, शेंदूर लावलेला गुळगुळीत दगड. तो पाटीत ठेवला, वर फडकं घातलं आणि डोक्यावरून वर आणला. वाटेत कुणी बोललं नाही. नव्या जागी तो बसवला, पण म्हातारीचं म्हणणं असं की नव्या जागी आई कितीतरी वर्षं गप्प होती. तिला ओळखीचं काही दिसतच नव्हतं.

किती गावांनी असे तांदळे उचलले असतील? किती उचलायचे राहिले असतील? डोंगरावरच्या आईला मात्र हलवावं लागलं नाही. तिनं तिथूनच सगळं पाहिलं. खाली जी खाचरं होती, ज्यांची बातमी दर नवरात्रात तिला मिळायची, त्यांच्यावर पाणी आलं. मला राहून राहून वाटतं, त्या वर्षी जे लोक गडावर तोंड दाखवायला गेले असतील, त्यांनी तिला काय सांगितलं असेल? आणि ती तर सगळं बघतच होती, तिला काय सांगायचं?

थोडा वेळ थांबतो. पाणी पितो.

तिसरा प्रश्न आजचा आहे. आता तिच्याकडे जायचं कसं?

मी केदारनाथला गेलो ते १९९८ साली. तेव्हा गौरीकुंडापासून चौदा किलोमीटर चढ होता. देऊळ ३५८३ मीटरवर. जवळजवळ चार कोराईगड एकावर एक ठेवा, तेवढं. रामबाड्याच्या पुढे माझी पावलं पंचवीस-तीसच्या वर पडेनात. दर वळणाला थांबायचं, श्वास गोळा करायचा. तिथे मला समजलं की उंचीवर माणसाची बडबड पहिली संपते. मग हिशेब संपतात. मग मागणं संपतं. देवळाच्या दारात पोचलो तेव्हा काय मागायचं ठरवलं होतं ते आठवेना. आणि मला आत्या आठवली. मी केदारनाथाला घरच्या बातम्या सांगितल्या. मराठीत.

केदारनाथाचीही अट आहे. भाऊबीजेला देवळाचे दरवाजे बंद होतात. देवाची उत्सवमूर्ती पालखीतून खाली उखीमठाला येते, हिवाळाभर तिथे पूजा होते, आणि वैशाखाच्या सुमाराला पुन्हा वर जाते. श्रद्धा अशी की बर्फातल्या त्या सहा महिन्यांत देव तिथली पूजा करतात. याचा अर्थ काय घ्यायचा? वर्षातले सहा महिने डोंगर डोंगराचा. माणसानं तिथे असायचं नाही. किती शहाणपणाची अट! आपल्याकडेही भर आषाढात गडावर कुणी जात नसे. घटस्थापनेला वाट उघडायची. तोवर पायथ्याशी हात जोडायचे.

२०१३ च्या जूनमध्ये, १६ आणि १७ तारखेला, चोराबारी हिमनदीजवळचं तळं फुटलं आणि केदारनाथवर पाणी, दगड, चिखल कोसळला. मी ज्या रामबाड्याला चहा प्यायलो होतो तो रामबाडाच राहिला नाही. हजारो माणसं गेली. देऊळ राहिलं, मागे एक प्रचंड शिळा येऊन अडकली म्हणून. महाराष्ट्रातलीही माणसं त्यात होती. पाऊस अपार होता, हे खरं. पण नदीच्या पात्रात, भुसभुशीत उतारांवर आपण काय काय बांधून ठेवलं होतं, हेही खरं.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारनं सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. आठ-नऊ तासांचा चढ ३६ मिनिटांत होणार. मी याला विरोध करायला उभा राहिलेलो नाही. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे. तिच्यात माझ्या शेजारी बसलेली एक आजी अर्धा रस्ता रडत होती. गुडघे गेल्यामुळे कितीतरी वर्षांत ती देवीपुढे उभी राहिली नव्हती. तिच्या त्या रडण्यापुढे मी कुठलं तत्त्वज्ञान मांडू? तिला वर न्यायलाच हवं.

पण मग मी स्वतःला विचारतो, आणि तुम्हालाही विचारतो. म्हाताऱ्यांच्या नावानं मागितलेल्या रस्त्यावर म्हातारे किती असतात? रस्ता झाला की गाडीतळ लागतो, गाडीतळ झाला की दुकानं लागतात, दुकानांमागे कचरा लागतो, आणि मग टाक्यातल्या पाण्यावर बाटल्या तरंगायला लागतात. एका डोंगरावर, नाव सांगत नाही, माझ्या डोळ्यांदेखत राईतली अकरा झाडं सभामंडपासाठी पाडली. झऱ्यावर काँक्रीटचं टाकं बांधलं. तिसऱ्या उन्हाळ्यात झरा आटला. आता मंडपाला पाणी टँकरनं येतं. देवीचं दर्शन अगदी सुलभ झालं आहे. ज्याच्यासाठी ती तिथे बसली होती, ते मात्र आता तिला दिसत नाही.

आणि मांढरदेव आपण कसं विसरू? २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा. वाई तालुक्यातल्या मांढरगडावर काळूबाईची यात्रा. अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानांची दाटी. माणसं घसरली, एकमेकांवर पडली, चेंगरली. मग दुकानांना आग लागली. तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यांत बायका आणि मुलं फार. आपल्या तालुक्यातूनही त्या यात्रेला माणसं जातात, त्या रात्री गावोगाव लोक जागे होते. न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. वाटा रुंद झाल्या, बंदोबस्त आला, ते गरजेचंच होतं. मला त्या दिवसानंतर एकच गोष्ट सतत छळते. लाखो माणसांनी एकाच दिवशी, एकाच वाटेनं, एकाच क्षणी समोर उभं राहायचं, ही आईची अट कधीच नव्हती.

ज्याला वर जाता येत नाही त्याच्यासाठी आपल्या जुन्या माणसांनी काही केलं नव्हतं का? केलं होतं. कळसाचं दर्शन होतं. पायरीचं दर्शन होतं. शेवटची तीन वर्षं माझी आत्या अंगणातून बाहेर पडू शकत नव्हती. ती घटस्थापनेला सकाळी खाटेवर उठून बसायची, गडाकडे तोंड करायची, पदर डोक्यावर घ्यायची. आणि सांगायला लागायची. अमक्याला मुलगी झाली. तमक्याची बदली झाली. यंदा इंद्रायणी लावलाय, आंबेमोहर परवडत नाही. मी एकदा म्हटलं, "आत्या, एवढ्या लांबून तिला ऐकू जातं का?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून चौथीतच आहे. म्हणाली, "मला इथून गड दिसतोय ना? मग तिला मी दिसणार नाही का?"

तिच्या अंगणातून तेव्हा गड दिसत होता. आता मध्ये चार मजली इमारत उभी आहे.

मागच्या नवरात्रात मी नातीला घेऊन कोराईगडावर गेलो. ती दहा वर्षांची आहे, पुण्यात वाढते. मी आता दर शंभर पावलांना थांबतो, ती पुढे पळत जाऊन परत यायची. गुहेतलं पाणी तिनं हात लावून बघितलं. कारवीच्या झुडपाचं नाव विचारलं. वरच्या पठारावर आल्यावर दोन्ही तळ्यांना वळसा घालून झाला, तोफेवर बसून झालं. देवळात मी खण-नारळ ठेवला आणि तिला पुढे केलं. "आमच्या मुलीची मुलगी. पहिल्यांदाच आलीय." तिनं हात जोडले, पण घाईत. लगेच बाहेर पळाली आणि तटावर जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेलो, दंड धरला. वारा तसाच होता.

"आजोबा, आपलं घर कुठंय?"

मी बोट दाखवलं. जलाशयाच्या अलीकडे, ती टेकडी, तिच्या डावीकडे. तिला दिसेना. मलाही नीट दिसत नव्हतं, पण जागा ठाऊक होती. मग खालून ढग चढले. आधी पाणी गेलं, मग टेकडी गेली. देवळात पूजा करणारे गावातले काका आमच्याशेजारी येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "थांबा जरा. पंधरा मिनिटांत मोकळं होतं."

आम्ही थांबलो. पोर तटाच्या दगडावर हनुवटी टेकून बघत राहिली.